स्लरी पाजायची नाही, भरवायची

पत्र थोडक्यात: एका ताईंनी लिहिलंय. त्यांच्या मिस्टरांनी दोन वर्षं खपून घरच्या घरी बायोगॅसचा डायजेस्टर (शेण कुजवून गॅस बनवणारी बंद टाकी) बांधला, त्यात रोज साधारण 50 किलो शेण, तेवढंच पाणी आणि स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं जातं. शेजारच्या छोट्या पॉलिहाऊसमध्ये मातीच्या बेडवर 300 टोमॅटोची झाडं आहेत, लागण होऊन दोन महिने झाले. यंदा मिस्टरांनी डायजेस्टरची पाइप थेट पॉलिहाऊसच्या आत ठेवलेल्या टाकीत आणली, तिथे एक भाग स्लरी (गॅस निघाल्यावर डायजेस्टरमधून बाहेर येणारं पातळ शेणपाणी) आणि तीन भाग पाणी असं मिसळून रोज ठिबकमधून सोडतात, वेगळं साधं पाणी अजिबात नाही, कारण "स्लरीत पाणी पण आलं आणि खत पण". सुरुवातीला झाडं काळीभोर हिरवी झाली, सगळे खूश. आता शेंड्याची पानं गुंडाळतायत, फुलं गळतायत, पहिल्या घोसातल्या निम्म्या फळांची बुडं काळी पडलीत, बेडवर पांढरी खपली आलीय, ड्रिपर रोज बुजतात. कोणीतरी कॅल्शियम कमी आहे म्हणालं म्हणून टाकीत चुना कालवला, तर वासाने डोळ्यांतून पाणी आलं आणि दुसऱ्या दिवशी टाकीजवळच्या झाडांच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. त्यांचा प्रश्न असा की स्लरी बंद करून सरळ रासायनिक खतावर जावं का, ही फळं खाण्यालायक आहेत का, आणि मिस्टरांना हे कसं सांगावं, कारण त्यांचा त्या डायजेस्टरवर जीव आहे.

ताई, सगळ्यात आधी एक काम, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. ती टाकी पॉलिहाऊसच्या बाहेर काढा, आजच. स्लरी डायजेस्टरमधून बाहेर आली म्हणजे तिच्यातली सगळी हालचाल थांबली असं होत नाही, जिवाणू जिवंत असतात, गॅस थोडा थोडा सुटतच राहतो, मिथेन, अमोनिया आणि तो सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. हा शेवटचा फार फसवा आहे, कारण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं हवा साफ झाली. बंद प्लॅस्टिकच्या खाली, जिथे तुम्ही तासन् तास वाकून फुटवे काढता, तिथे अशी टाकी नकोच. बाहेर सावलीत ठेवा, वर झाकण असू दे पण हवाबंद नको. आणि टाकीतला किंवा डायजेस्टरच्या खड्ड्यातला गाळ काढायला कोणीही कधीही आत उतरायचं नाही, बाहेर दुसरा माणूस उभा असला तरी नाही. अशा खड्ड्यांत एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात, म्हणून इतकं ठासून सांगतेय.

आता चुन्याचं. तुमच्या डोळ्यांतून पाणी काढलं ते अमोनियाने. स्लरीतलं बरंचसं नत्र (नायट्रोजन) अमोनियमच्या रूपात पाण्यात विरघळलेलं असतं आणि पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) जसा चढतो तसं ते वायू होऊन उडायला लागतं. पीएच 8 असेल तर शंभरातले पाचेक भाग वायूरूपात असतात, सव्वानऊच्या आसपास गेला की निम्मे. चुन्याने तुम्ही पीएच वर ढकललात, मग पानांच्या कडा भाजल्या त्या त्याच वायूने, आणि जे नत्र झाडाला मिळायचं ते पण हवेत गेलं. यावर कोणी उलटा उपाय सांगेल की ॲसिड टाका, वास जाईल. तेही नको, ॲसिड पडलं की स्लरी फसफसते आणि हायड्रोजन सल्फाइड भसकन बाहेर पडतो. टाकीत काहीही कालवू नका.

बरं, मूळ गोष्टीकडे येते. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे जे मी तीन वेळा वाचलं, "स्लरीत पाणी पण आलं आणि खत पण". दाजींचं हे वाक्य खोटं नाही, दोन्ही आहे तिच्यात. पण झाडाला पाणी रोज लागतं आणि किती लागेल ते ऊन ठरवतं, तापलेल्या दिवशी दोन लिटर पिईल, ढगाळ दिवशी अर्धा. खत लागतं ते वाढीच्या हिशेबाने, हळूहळू, पूर्ण हंगामात मिळून ठरावीक. तुम्ही दोन्ही एकाच नळातून सोडताय, म्हणजे ऊन वाढलं, पाणी वाढवलं, की जेवणही वाढतं, भूक असो नसो. तहानलेल्या पोराला प्रत्येक वेळी पाण्याऐवजी पातळ खीर पाजावी तसं चाललंय हे.

आकडे मांडून बघूया, म्हणजे दाजींनाही पटेल, कारण इतकं सगळं स्वतः बांधणारा माणूस हिशेबाला पक्का असतो. टोमॅटोला एक टन फळामागे ढोबळमानाने अडीच ते तीन किलो नत्र लागतं. तुमच्या एका झाडाने हंगामात 5 किलो फळ दिलं असं धरलं तर त्याची सगळी भूक झाली साधारण 15 ग्रॅम नत्र. शेणाच्या स्लरीत लिटरमागे एखादा ग्रॅम नत्र असतं, खरकटं किंवा कोंबडीची विष्ठा जास्त जात असेल तर याच्या दुप्पट-तिप्पटही. आता तुमच्याकडे रोज 100 लिटर स्लरी निघते आणि ती सगळी 300 झाडांत वाटली जाते, म्हणजे झाडामागे रोज एक तृतीयांश लिटर, एक तृतीयांश ग्रॅम नत्र. 45 दिवसांत 15 ग्रॅम पूर्ण. म्हणजे ज्या झाडाने अजून पहिला घोसही पिकवला नाही त्याला अख्ख्या हंगामाचं जेवण दीड महिन्यातच वाढून झालं, आणि तुम्ही तर आता दोन महिन्यांवर आहात. यातलं सगळंच नत्र लगेच हाताशी येत नाही, काही सेंद्रिय रूपात अडकून राहतं आणि मागाहून सुटतं, पण त्याने दिलासा कमी आणि काळजी जास्त, कारण पुढचे काही आठवडे तुम्ही थेंबही दिला नाही तरी माती देतच राहणार.

इथे एक गैरसमज मोडायला हवा, जो मला खूप पत्रांत दिसतो. "आम्ही पातळ करून देतो, म्हणजे सौम्यच आहे." पातळ केल्याने तिखटपणा कमी होतो, एकूण घास तेवढेच राहतात. एक भाग स्लरी तीन भाग पाण्यात गेली काय आणि दहा भागांत गेली काय, झाडामागे रोज तेवढीच स्लरी जात असेल तर नत्र तेवढंच जातं.

दुसरा गैरसमज हिरव्या रंगाचा. काळंभोर पान म्हणजे झाड सुखी, असं सगळ्यांनाच वाटतं, पण टोमॅटोत ते माजल्याचं लक्षण. तुमच्या झाडाचा शेंडा जवळून बघा. शेंड्याखाली वीतभर अंतरावर खोड करंगळीएवढं असेल तर ठीक, अंगठ्याएवढं जाड झालं असेल, पानं खाली वळून गोळा होत असतील, घोसाच्या टोकाला फुलांऐवजी पानच फुटत असेल, तर झाडाने फळं धरायचं सोडून अंग धरलंय. तुम्ही लिहिलेली फुलगळ यातली असणार. फारच उष्मा असेल तरी फुलं गळतात हे खरं, पण खोड जाड आणि पान काळं असेल तर आधी नत्राकडे बोट जातं.

आता काळ्या बुडाची फळं. कोणीतरी म्हणालं कॅल्शियम कमी आहे, ते अर्धं बरोबर. फळात कमी आहे, मातीत बहुतेक भरपूर असेल. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबर मुळातून वर चढतं, आणि पाणी जास्त उडतं ते पानांतून, फळातून फारच कमी, म्हणून फळाच्या वाट्याला ते आधीच तुटपुंजं येतं आणि फळाचं टोक तर सगळ्यात शेवटी. त्यात तुमच्याकडे चार गोष्टी एकत्र झाल्यात. अमोनियम खूप आहे, ते कॅल्शियमला मुळाशीच अडवतं. पोटॅश खूप आहे, शेणाच्या स्लरीतलं पोटॅश पातळ भागातच उतरतं, तेही अडवतं. मातीत क्षार साठलेत, म्हणून मुळीला पाणी ओढायलाच जड जातंय. आणि ड्रिपर बुजल्यामुळे काही झाडांना आज पूर आणि उद्या कोरडं. अशात तुम्ही वरून चुना ओता की पानांवर कॅल्शियम फवारा, पानावरचं कॅल्शियम पानातच राहतं, तिथून फळाकडे जात नाही. जी फळं काळी झाली ती सुधारणार नाहीत, तोडून टाका, झाडाची ताकद वाचेल. नवीन घोसात फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतील, तेवढा धीर धरा, मध्येच काही नवीन औषध सुरू करू नका.

अमोनियमबद्दल अजून थोडं, कारण इथेच सगळी मेख आहे. टोमॅटो नायट्रेट आवडीने खातो, अमोनियम थोडंसं चालतं, जास्त झालं की मुळी काळवंडते. मातीतले जिवाणू अमोनियमचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून देतात, हे काम फुकटात होतं पण त्यांना हवा लागते, आणि चिक्कार लागते, एक ग्रॅम नत्रामागे साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन. स्लरीतलं न कुजलेलं उरलंसुरलं पण मातीत जाऊन ऑक्सिजनच खातं. रोज स्लरी, रोज ओलं, म्हणजे बेडला वाफसाच (ओल आणि हवा दोन्ही असलेली स्थिती) येत नाही, आणि वाफसा नाही तर जिवाणूंना हवा नाही, अमोनियम तसंच पडून राहतं. एका झाडाच्या कडेला हळूच हाताने माती उकरून बघा. पांढरी मुळी दिसली आणि मातीला पावसानंतरचा वास आला तर बेड जिवंत आहे. मुळी तपकिरी, बोटात घेतल्यावर साल निसटते, मातीला गटाराचा वास, तर बेड गुदमरलाय. मी स्वतः एका वर्षी रोपांच्या ट्रेला ताजी स्लरी दिली होती, एकास चार पातळ करून, तिसऱ्या दिवशी सकाळी बोटभर रोपं मातीच्या रेषेवर बारीक होऊन आडवी पडलेली होती, ट्रेच्या ट्रे, आणि मी आधी दोष दिला बुरशीला. शेजारचे दोन ट्रे साध्या पाण्यावर होते, त्यातली एकही पडली नव्हती. तेव्हापासून रोपांना आणि लागणीनंतर पहिले तीन-चार आठवडे मी स्लरी दाखवतही नाही.

पांढरी खपली म्हणजे क्षार. उघड्या शेतात पाऊस येतो आणि क्षार धुऊन खाली नेतो, पॉलिहाऊसमध्ये पाऊस नाही, त्यामुळे जे आत गेलं ते आतच, पाणी उडतं आणि मीठ वर येऊन बसतं. तुमच्या डायजेस्टरला खरकटं जातं, त्यातलं मीठ जिवाणू खात नाहीत, ते आत गेलं तेवढंच बाहेर येतं. म्हणून मीठ घातलेलं शिजवलेलं अन्न डायजेस्टरला द्यायचं असेल तर त्या स्लरीचा पॉलिहाऊसमधला वाटा कमी करावा लागतो. भाज्यांचे देठ, सालं, याने फारसं बिघडत नाही.

यासाठी एक ईसी मीटर घ्या, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, खिशातलं, पेनसारखं मिळतं. ते नसेल तर आपण सगळे अंधारात बोलतोय. साधं उदाहरण देते. समजा स्लरीची निवळी (गाळ खाली बसल्यावर वर राहणारं पाणी) 12 ईसी दाखवतेय आणि तुमचं पाणी 0.6. एकास तीन मिसळलं तर जवळपास साडेतीन होतं. टोमॅटोच्या मुळाभोवतीच्या मातीतली खारटी अडीचच्या वर गेली की उत्पन्न घसरायला लागतं, आणि तुम्ही रोज साडेतीनचंच पाणी पाजताय आणि ते आटून मातीत अजून घट्ट होतंय. तीच स्लरी एकास नऊ केली तर पावणेदोनच्या आसपास येते, ते आठवड्यातून एकदा झाड सहज पचवेल. तुमचे आकडे वेगळे येतील, म्हणून आधी मोजा, मग प्रमाण ठरवा, दुसऱ्या कोणाचं एकास पाच किंवा एकास दहा आंधळेपणाने घेऊ नका, माझंही नाही.

आता या पिकाचं काय. स्लरी तीन आठवडे पूर्ण बंद, फक्त साधं पाणी. पहिल्या आठवड्यात दोनदा नेहमीपेक्षा जास्त पाणी सावकाश द्या, सकाळी, थांबून थांबून, म्हणजे क्षार मुळाच्या खाली उतरतील, पण बेड चिखल होईपर्यंत नको आणि रोज तर अजिबात नको, कारण त्याबरोबर नायट्रेटही खाली जातं आणि ते शेवटी विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतं. वरची पांढरी खपली हलक्या हाताने खरवडून बाहेर टाका, मातीत कालवू नका. मग दर दोन दिवसांनी बेडला वाफसा येतोय का बघत पाणी. पॉलिहाऊसचे पडदे सकाळी लवकर उघडा, रात्रभर साठलेली हवा जाऊ द्या. तीन आठवड्यांनी शेंड्याचं पान काळ्यावरून नेहमीच्या हिरव्यावर आलं, खोड बारीक व्हायला लागलं, की स्लरी परत सुरू करायची, झाडामागे आठवड्याला अर्धा लिटर मूळ स्लरी, वर सांगितलं तसं मीटर लावून पातळ करून, संध्याकाळी, आधी साधं पाणी देऊन ओल्या झालेल्या बेडवर आणि नंतर परत थोडं साधं पाणी. कोरड्या मातीवर कधीच नाही, मुळी भाजते. झाड फळांनी लगडलं आणि पान फिकं दिसायला लागलं तर पाऊण लिटरपर्यंत जा. पान काळं पडलं की तो आठवडा वगळा. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा झाला तर ते बहुतेक मॅग्नेशियम, जास्त पोटॅशमुळे अडलेलं, तेव्हा अजून स्लरी द्यायची नाही, हे खास लिहितेय कारण पिवळं पान दिसलं की हात आपोआप खताकडे जातो.

ठिबकचं सांगू का, मी स्लरी ठिबकमधून देतच नाही. बेडच्या कडेने चर काढून किंवा मल्चिंग पेपरच्या खाली नळीने सोडते, वर माती. 300 झाडांसाठी हे दोन माणसांचं तासाभराचं काम आहे आठवड्यातून एकदा, आणि रोज ड्रिपर टोचत बसण्यापेक्षा परवडतं. तरी ठिबकनेच द्यायची असेल तर स्लरी दोन दिवस निवळू द्या, वरची निवळीच घ्या, कापडाने गाळा, मग वाळूचा फिल्टर, शेवटी 120 मेशच्या बारीक जाळीचा, आणि प्रत्येक वेळी स्लरीनंतर निदान पंधरा-वीस मिनिटं साधं पाणी सोडून लॅटरलची (बेडवरच्या ठिबकच्या नळ्यांची) टोकाची बुचं उघडून फ्लश. बूच उघडल्यावर आधी काळं, शेवाळी, बुळबुळीत पाणी येईल, ते हातावर घेऊन बघा, तो नुसता गाळ नाहीये, नळीच्या आत वाढलेला जिवाणूंचा थर आहे, आणि तो साध्या फिल्टरने थांबत नाही कारण तो फिल्टरच्या पुढेच तयार होतो. खाली राहिलेला चोथा फेकू नका, त्यात स्फुरद (फॉस्फरस) जास्त असतं, सुका पाला मिसळून दोन-तीन महिने कुजवा, पुढच्या लागणीच्या आधी बेडमध्ये घालायला उत्तम.

फळं खाण्यालायक आहेत का, हे तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, बरेच लोक विचारत नाहीत. घरगुती डायजेस्टर फार तर अंगाच्या उबेइतक्या तापमानावर चालतो, त्यात रोगजंतू बरेच मरतात पण सगळे नाही. शिवाय सकाळी टाकलेलं शेण सगळंच महिनाभर आत राहतं असं नाही, थोडं लवकर निसटून बाहेर येतं. कच्च्या शेणाच्या बाबतीत अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत फळ मातीला लागत नसेल तर काढणीच्या 90 दिवस आधी आणि लागत असेल तर 120 दिवस आधी शेण देणं थांबवावं लागतं, यावरून किती जपून वागतात ते कळतं. स्लरी पूर्ण कच्चं शेण नव्हे, तरी मी तिला तसंच वागवते. फळावर, पानावर शिंतोडा उडता कामा नये, फवारणी तर नकोच. खालचे घोस सुतळीने उचलून बांधा, बेडवर मल्च पसरा, स्लरी दिलेल्या हाताने तोडणी नको, क्रेट बेडवर ठेवू नका. तोडलेली फळं वाहत्या पाण्यात धुवा. तुमची स्लरी ठिबकमधून मातीतच गेलीय, फळांवर नाही, त्यामुळे वर लटकलेली चांगली फळं धुऊन खायला मला अडचण वाटत नाही, मातीला टेकलेली मात्र कच्ची खाऊ नका, शिजवा. डायजेस्टरला संडास जोडलेला असेल (तुम्ही लिहिलेलं नाहीये, पण हे वाचणाऱ्या कोणाकडे असू शकतो) तर ती स्लरी कच्च्या खायच्या भाजीला नाहीच, फळझाडांना किंवा लाकडाच्या झाडांना द्या.

अजून दोन गोष्टी इतर वाचकांसाठी. ज्यांचे टोमॅटो मातीत नाहीत, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) बॅगेत आहेत, त्यांनी स्लरी थेट देऊच नये, कारण मातीसारखं सांभाळून घेणारं तिथे काही नसतं, सगळं अमोनियम सरळ मुळीवर येतं. आणि ज्यांचं शेण बाहेरून येतं त्यांनी विचारावं की त्या जनावरांनी कुठलं गवत खाल्लंय. अमिनोपायरालिड, क्लोपायरालिड अशी तणनाशकं गवतावर मारलेली असतील तर ती जनावराच्या पोटातून, डायजेस्टरमधून न मोडता पार होतात, आणि टोमॅटो त्यांना भयंकर नाजूक, नवी पानं नेच्यासारखी बारीक होऊन वळतात. हे ओळखायला घेवड्याचे चार-पाच दाणे स्लरी घातलेल्या मातीत आणि तितकेच साध्या मातीत लावा, तीन आठवड्यांत स्लरीवाल्यांची पानं वाटीसारखी वळली तर ती स्लरी टोमॅटोला नको. ताई, हा प्रयोग तुम्हीही करा, गुंडाळलेली पानं नत्रामुळेच आहेत ना याची खात्री होईल. आणि टोमॅटोची रोगट झाडं डायजेस्टरमध्ये टाकू नका, काही विषाणू तिथून धडधाकट बाहेर पडतात.

मग रासायनिक खतावर जावं का? मला तुमचा प्रश्नच थोडा अडकलेला वाटतो, जणू दोनच दारं आहेत, सगळी स्लरी नाहीतर शून्य स्लरी. पीक बिघडलं ते स्लरी वाईट म्हणून नाही, ती रोज आणि सगळीच्या सगळी गेली म्हणून, आणि एवढ्याच प्रमाणात युरिया विरघळवून रोज सोडला असता तरी हेच झालं असतं, कदाचित लवकर. पुढच्या लागणीला बेडमध्ये कुजवलेला चोथा, लागणीच्या तीन आठवडे आधी एकदा स्लरी, म्हणजे अमोनियमचं नायट्रेट व्हायला वेळ मिळतो, मग महिनाभर काही नाही, मग आठवड्याचा हप्ता. माती तपासून कॅल्शियम खरंच कमी निघालं तर लागणीआधी जिप्सम, त्याने चुन्यासारखा पीएच चढत नाही. आणि एखाद्या टप्प्यावर थोडं कॅल्शियम नायट्रेट द्यावं लागलं तर द्या, त्याने तुमच्या कष्टाला कमीपणा येत नाही.

राहिली स्लरी किती उरते ती. आठवड्याला निघते 700 लिटर, पॉलिहाऊस घेणार फार तर 225. हे दाजींना ऐकायला जड जाईल, कारण त्यांनी पाइप घातली ती सगळी स्लरी तिथे जिरावी म्हणूनच. पण डायजेस्टर रोज देतो आणि झाड रोज मागत नाही. उरलेली चाऱ्याच्या पिकाला, फळझाडांच्या आळ्यात, कंपोस्टच्या ढिगावर, तिथे सगळीकडे तिला मागणी आहे. थोडी निवळी शेण कालवायला पाण्याच्या जागी वापरता येते, निम्म्यापर्यंत, त्यापुढे नको कारण आत अमोनिया साठत जातो आणि गॅसच कमी होतो.

दाजींना कसं सांगायचं. "तुमच्या स्लरीने झाडं मारली" असं म्हणालात तर ते त्या डायजेस्टरच्या बाजूने भांडतील, कोणीही भांडेल, दोन वर्षं घातलीत माणसाने. त्याऐवजी एका संध्याकाळी एक पारदर्शक बाटली घ्या, स्लरी भरा, झाकण सैल ठेवा, घट्ट लावलंत तर गॅसने फुगेल, आणि दोघांनी मिळून दोन दिवस बघा कुठे थर बसतोय, वर किती निवळी येतेय. शेजारी दोन बशा, ओल्या कागदावर मुळ्याचे वीस-वीस दाणे, एका बशीला साधं पाणी, दुसरीला तुमचं एकास तीनचं मिश्रण. चौथ्या दिवशी दोन्ही बशांतले कोंब मोजायचं आणि मुळ्या पट्टीने मोजायचं काम दाजींनाच द्या. मीटर पण त्यांच्याच हातात द्या. पाच झाडं त्यांना हवी तशीच चालू ठेवू देत, बाकीची 295 साध्या पाण्यावर, वहीत तारखेने लिहायचं. ज्याने डायजेस्टर बांधला त्यालाच तो चालवायचं प्रमाणही सापडेल, तुम्हाला फक्त त्यांच्या हातात मोजायचं साधन द्यायचंय.

मीटर आला की मला तीन आकडे लिहून पाठवा, साध्या पाण्याची ईसी, निवळीची ईसी आणि निवळीचा पीएच, बेडच्या मातीत मुळी कशा रंगाची दिसली ते पण. त्यावरून तुमचं प्रमाण आणि हप्ता दोन्ही नक्की करून देते.